वाट चुकलेल्या अळ्या: प्राण्यांचे जंत माणसाच्या अंगात शिरतात तेव्हा

कुत्र्या-मांजरांपासून माणसाला जंत होतात, हे सगळ्यांनी ऐकलेलं असतं. पण त्यावरून डोळ्यांपुढे जे चित्र उभं राहतं ते बहुतेक वेळा चुकीचं असतं. कुत्र्याच्या पोटातला जंत आपल्या पोटात येणार, तिथे वाढणार आणि कधीतरी शौचातून पडणार, असं लोक धरून चालतात. मग शौचाची तपासणी होते, रिपोर्टमध्ये काही सापडत नाही आणि सगळे निर्धास्त होतात. आजार मात्र असतो तिथेच असतो.

कुत्र्या-मांजरांचा गोलकृमी, म्हणजे टॉक्सोकारा, किंवा त्यांचा हूकवर्म माणसाच्या शरीरात शिरतो तो अळीच्या रूपात, आणि पुढेही बहुधा अळीच राहतो. मोठं होऊन अंडी घालायला तिला कुत्र्याचं किंवा मांजराचं शरीर लागतं. माणसात तिला ती वाट सापडत नाही, म्हणून ती भटकते: कधी यकृतात, कधी फुप्फुसात, कधी डोळ्याच्या पडद्यावर, कधी नुसती कातडीखाली. लक्षणं कुठे दिसतात, कोणती तपासणी बिनकामाची आहे, औषध कोणतं आणि खबरदारी नेमकी कुठे घ्यायची, हे सगळं या एका गोष्टीवरून ठरतं.

ताजी घाण आणि जुनी माती

टॉक्सोकारा कॅनिस हा कुत्र्यांचा जंत. त्याची मादी कुत्र्याच्या, विशेषतः पिल्लाच्या, लहान आतड्यात राहते आणि दिवसाला दोन लाखांपर्यंत अंडी टाकते. मांजरांमध्ये त्याचा भाऊबंद टॉक्सोकारा कॅटी असतो. हे अंडं सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर त्याचा चिवटपणा लगेच कळतो. साधारण ८० मायक्रॉनचा गोल, तपकिरी गर काठोकाठ भरलेला, आणि बाहेर जाड कवच. कवचावर गोल्फच्या चेंडूसारखे खळगे असतात. सगळ्यात बाहेरचा थर चिकट असतो, त्यामुळे अंडं नखात, खेळण्यावर, पालेभाजीच्या पानावर सहज चिकटून राहतं.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी, कारण ती आपल्या अंदाजाच्या उलट आहे. विष्ठेतून नुकतंच बाहेर पडलेलं अंडं निरुपद्रवी असतं. त्यात अजून अळी तयार झालेली नसते. उबदार, ओलसर मातीत साधारण दोन ते चार आठवडे गेले की आत अळी तयार होते आणि मगच ते अंडं संसर्ग करू शकतं. थंडीत हा वेळ वाढतो. साधारण दहा अंश सेल्सियसच्या खाली वाढ थांबते, पण अंडं मरत नाही, उबेची वाट पाहत पडून राहतं. सावलीतल्या ओल्या मातीत अशी अंडी कित्येक महिने, काही ठिकाणी वर्षानुवर्षं टिकतात.

म्हणजे जी घाण दिसते, जिचा वास येतो, जी ओलांडून आपण पुढे जातो, ती टॉक्सोकाराच्या दृष्टीने आज धोक्याची नाही. धोका तिथे आहे जिथे महिन्यापूर्वी घाण होती, पावसाने ती विरघळली आणि आता स्वच्छ माती दिसते आहे. लहान मूल तिथे बसून माती चिवडतं आणि हात तोंडात घालतं. कुत्र्याला कुरवाळल्यामुळे संसर्ग होण्याची शक्यता त्यामानाने फार कमी. केसांवर अंडी सापडतात हे खरं, पण त्यातली बरीचशी अपक्व किंवा मेलेली असतात. कुत्र्याला मुलांपासून लांब ठेवण्यापेक्षा त्याची शी वेळेवर उचलणं कितीतरी जास्त कामाचं आहे, असं माझं ठाम मत आहे.

वेळेवर म्हणजे रोज. हूकवर्मची अंडी एक-दोन दिवसांत फुटतात आणि पाच ते दहा दिवसांत त्यांच्या अळ्या कातडी भेदण्याइतक्या तयार होतात. टॉक्सोकाराला आठवडे लागतात. रोज उचललं तर दोघांचीही वाट मातीत उतरण्याआधीच बंद होते. पाऊस पडून गेल्यावर उचलण्यात अर्थ उरत नाही. अंडी तोवर मातीत गेलेली असतात. उचललेली घाण पिशवीत बांधून कचऱ्यात टाकावी. घरच्या कंपोस्टमध्ये टाकू नये, कारण लहान ढिगाचा मधला भाग तापतो पण कडा थंडच राहतात, आणि तेच खत पुढे भाजीच्या वाफ्यात जातं.

जंतुनाशकांवर फार विसंबू नका. ब्लीचने अंड्याचा बाहेरचा चिकट थर निघतो, पण आतली अळी मरत नाही. अल्कोहोलचं सॅनिटायझरही इथे कुचकामी. साबण आणि वाहतं पाणी उपयोगी पडतं ते अंडं मरतं म्हणून नव्हे, हातावरून धुऊन निघतं म्हणून. त्यामुळे नखं कापलेली असणं आणि नखांखाली घासणं हाच हात धुण्याचा खरा भाग. फरशीवर घाण पडली असेल तर आधी खरवडून काढा, मग डिटर्जंटने घासा आणि शेवटी उकळतं पाणी ओता. उकळत्या पाण्यापुढे हे अंडं टिकत नाही. मातीवर मात्र यातलं काहीच नीट चालत नाही. मुलांच्या खेळण्याच्या वाळूत मांजरांनी घाण केलेली असेल, तर ती वाळू काढून नवी भरावी आणि खेळून झाल्यावर दर वेळी झाकावी. मांजराला भुसभुशीत, उकरता येणारी जागाच लागते, त्यामुळे उघडी वाळू तिला आयतीच मिळते.

पिल्लांपासून सुरुवात का

मोठ्या कुत्र्याने टॉक्सोकाराचं अंडं गिळलं तर अळी बहुधा आतड्यात परत न येता स्नायूंमध्ये आणि इतर अवयवांत जाऊन निपचित पडून राहते. म्हणजे मोठ्या कुत्र्याच्या अंगातही ती बरीचशी माणसातल्यासारखीच वागते. फरक एवढाच की मादी गाभण राहिली की शेवटच्या तीन आठवड्यांत या निद्रिस्त अळ्या जाग्या होतात आणि वारेतून पिल्लांमध्ये उतरतात. काही पुढे दुधातूनही जातात. पिल्लू जन्माला येतं तेच अळ्या घेऊन. त्या यकृतातून फुप्फुसात, तिथून श्वासनलिकेत चढतात, खोकल्याबरोबर घशात येऊन गिळल्या जातात आणि आतड्यात पोचून प्रौढ होतात. पिल्लू तीन आठवड्यांचं होतं न होतं तोच त्याच्या विष्ठेतून अंडी बाहेर पडू लागतात. घरात सगळ्यात जास्त अंडी कोण पसरवत असेल तर हे तीन ते बारा आठवड्यांचं, मुलांच्या मांडीवर खेळणारं पिल्लू.

म्हणून जंताचं औषध दोन आठवड्यांच्या वयाला सुरू करायचं. दुसरा, चौथा, सहावा आणि आठवा आठवडा, मग सहा महिन्यांपर्यंत दर महिन्याला. पुढे बाहेर फिरणाऱ्या कुत्र्याला वर्षातून निदान चार वेळा. मांजराच्या पिल्लांना आईच्या गर्भातून संसर्ग होत नाही, दुधातून होतो, त्यामुळे त्यांचं वेळापत्रक एका आठवड्याने पुढे: तिसरा, पाचवा, सातवा, नववा आठवडा आणि मग तसंच दर महिन्याला.

एकदा औषध दिलं, जंत पडले, काम झालं, असं समजणं ही सर्रास होणारी चूक. पायरँटेल हे जंताचं नेहमीचं औषध आतड्यातल्या जंतांवर काम करतं, फुप्फुसातून वाटेवर असलेल्या अळ्यांना ते पोचत नाही. आज आतडं रिकामं केलं तरी पुढच्या दोन आठवड्यांत नवी तुकडी उतरते. दोन आठवड्यांच्या अंतरामागे हेच कारण आहे. नवी तुकडी अंडी घालायला लागण्याआधी पुढची मात्रा पोचली पाहिजे.

दुसरी चूक वजनाची. पिल्लाचं वजन आठवड्यागणिक बदलतं आणि औषधाची मात्रा दर किलोवर असते: पायरँटेल किलोमागे साधारण ५ मिलिग्रॅम, फेनबेंडाझोल किलोमागे ५० मिलिग्रॅम सलग तीन दिवस. तीन किलोच्या पिल्लाला पायरँटेल १५ मिलिग्रॅम आणि फेनबेंडाझोल रोज १५० मिलिग्रॅम लागेल. मागच्या वेळची मात्रा डोळे झाकून पुन्हा दिली तर ती कमी पडते. दर वेळी वजन करा. स्वयंपाकघरातला काटा यासाठी पुरतो. बाटलीवर दर मिलिलिटरला किती मिलिग्रॅम औषध आहे ते वाचा, कारण वेगवेगळ्या द्रावणांची तीव्रता वेगळी असते. तिसरी चूक म्हणजे आईला विसरणं. पिल्लांना चाटताना ती त्यांच्या विष्ठेतल्या अळ्या आणि अपक्व जंत गिळते आणि तिच्या आतड्यातही जंत धरतात. पिल्लांच्या बरोबरीने तिलाही औषध द्या. गाभणपणाच्या चाळिसाव्या दिवसापासून व्याल्यानंतर चौदाव्या दिवसापर्यंत रोज फेनबेंडाझोल देण्याची पद्धतही आहे. त्याने पिल्लांकडे जाणाऱ्या अळ्या खूप कमी होतात, पण मात्रा पशुवैद्यानेच ठरवावी.

माणसात काय होतं

अळी तयार झालेलं अंडं गिळलं की ते लहान आतड्यात फुटतं. साधारण अर्धा मिलिमीटरपेक्षाही छोटी अळी आतड्याची भिंत भेदून रक्तात शिरते. पहिला मुक्काम यकृत, मग फुप्फुस, आणि तिथून रक्त नेईल तिकडे. ती वाढत नाही, पण वर्षानुवर्षं जिवंत राहू शकते. शरीराने तिच्यावर प्रतिपिंडं (अँटिबॉडी) चिकटवली की ती अंगावरचं पातळ आवरण टाकून देते आणि पुढे सरकते; पेशी मागे पडलेल्या आवरणावर हल्ला करत बसतात. वाटेवर सुजेच्या लहान लहान गाठी राहतात. आपल्याला जो आजार दिसतो तो बराचसा या सुजेचा असतो.

किती अळ्या शिरल्या आणि कुठे गेल्या, यावर चित्र बदलतं. दोन ते सात वर्षांच्या, माती खाणाऱ्या मुलात बऱ्याच अळ्या एकदम गेल्या तर ताप, खोकला, दम्यासारखी धाप, वाढलेलं यकृत आणि रक्तात इओसिनोफिल या प्रकारच्या पांढऱ्या पेशींची प्रचंड वाढ दिसते. १९५२ मध्ये पॉल बीव्हर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी न्यू ऑर्लीन्समधल्या अशा तीन मुलांचं वर्णन केलं आणि अवयवांमध्ये भटकणाऱ्या अळीचा आजार म्हणून त्याची वैद्यकशास्त्रात नोंद झाली. बहुसंख्य लोकांमध्ये मात्र दोन-चार अळ्या जातात, किरकोळ पोटदुखी किंवा खोकला होतो किंवा काहीच होत नाही.

सगळ्यात दुःखद प्रकार डोळ्याचा. एकच अळी पुरते. मूल थोडं मोठं असतं, तब्येत ठणठणीत असते, आणि एका डोळ्याला कमी दिसतंय हे कुणाच्या लक्षातच येत नाही, कारण मूल दुसऱ्या डोळ्याने काम भागवतं. मग शाळेतल्या तपासणीत कळतं, किंवा डोळा तिरळा होतो, किंवा फोटोत बाहुली पांढरी दिसते. पांढरी बाहुली हे रेटिनोब्लास्टोमा या डोळ्याच्या कर्करोगाचंही लक्षण आहे. १९५० मध्ये हेलेनॉर वाइल्डर यांनी मुलांचे काढून टाकलेले ४६ डोळे तपासले आणि त्यातल्या २४ डोळ्यांत त्यांना अळ्या किंवा त्यांचे अवशेष सापडले. कर्करोगाच्या संशयावरून काढलेले डोळे त्यात होते. पुढे १९५६ मध्ये निकोल्स यांनी त्यातल्या अळ्या टॉक्सोकाराच्या असल्याचं ओळखलं. आज सोनोग्राफी आणि इतर तपासण्यांमुळे दोन्हींतला फरक बहुतेक वेळा करता येतो. पण पांढरी बाहुली दिसली तर कारण कोणतंही असो, नेत्रतज्ज्ञाकडे त्याच आठवड्यात जायचं. एका वेळी एक डोळा झाकून मुलाला दूरचं वाचायला लावणं घरीही जमतं. दोन्ही डोळे उघडे ठेवून केलेल्या तपासणीत हा आजार निसटतो.

तपासणी करताना

माणसाच्या शौचात टॉक्सोकाराची अंडी सापडणारच नाहीत, कारण माणसात मादी तयारच होत नाही. शौचाची तपासणी करायची ती इतर जंत नाहीत ना हे पाहण्यासाठी. पहिली उपयोगी तपासणी म्हणजे साधा सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि त्यातली इओसिनोफिलची नेमकी संख्या. टक्केवारीवर थांबू नका. एकूण पांढऱ्या पेशी गुणिले टक्केवारी असा हिशोब करा. पांढऱ्या पेशी १२,००० आणि इओसिनोफिल ३० टक्के असतील तर संख्या ३,६०० होते. दर मायक्रोलिटरला ५०० च्या आत असणं नेहमीचं. आकडा हजारांत असेल तर कारण शोधलंच पाहिजे.

नेमकं निदान प्रतिपिंडांच्या एलायझा तपासणीने होतं. त्यासाठी प्रयोगशाळेत जिवंत ठेवलेल्या अळ्यांनी सोडलेले प्रथिनं वापरतात. इतर गोलकृमींमुळेही ती खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते, म्हणून वेस्टर्न ब्लॉटने खात्री करतात. ही तपासणी वाचताना दोन ठिकाणी फसगत होते. एक, प्रतिपिंडं वर्षानुवर्षं टिकतात. पॉझिटिव्ह म्हणजे कधीतरी संसर्ग झाला होता, आजचा खोकला त्यामुळेच आहे असं नव्हे. दोन, डोळ्याच्या आजारात अळी एकच असल्यामुळे रक्तातली प्रतिपिंडं नगण्य असू शकतात आणि इओसिनोफिलही अगदी नॉर्मल असतात. रक्ताचा रिपोर्ट निगेटिव्ह आला म्हणून डोळ्याचं निदान सोडून देता येत नाही. गरज पडली तर डोळ्यातल्या द्रवाची तपासणी करतात.

उपचार लागणाऱ्या रुग्णाला साधारणपणे अल्बेंडाझोल ४०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, पाच दिवस देतात. जंतासाठी जी एकच गोळी गिळण्याची सवय असते ती इथे पुरत नाही. त्या गोळीला आतड्यातल्या जंतापुरतं पोचायचं असतं. इथे औषध रक्तात आणि अवयवांत जायला हवं. म्हणूनच ते तेल-तूप असलेल्या जेवणाबरोबर घ्यायचं, कारण रिकाम्या पोटी अल्बेंडाझोल फार कमी शोषलं जातं. फुप्फुस, हृदय, मेंदू किंवा डोळा गुंतला असेल तर सूज आटोक्यात ठेवायला स्टिरॉइड लागतं, आणि डोळ्यात बरेचदा तेच मुख्य औषध ठरतं. लक्षणं नसतील आणि केवळ रिपोर्ट पॉझिटिव्ह असेल तर सहसा औषध लागत नाही. गरोदरपणात, विशेषतः पहिल्या तीन महिन्यांत, अल्बेंडाझोल टाळतात.

कातडीखालची नागमोडी रेघ

हूकवर्मच्या अळीला गिळावंही लागत नाही. कुत्र्या-मांजरांचा अँकायलोस्टोमा ब्राझिलिएन्स हा यातला मुख्य. त्याची अळी सावलीतल्या, ओलसर, वाळूमिश्रित मातीत तीन-चार आठवडे जगते आणि उघड्या कातडीचा स्पर्श होताच आत घुसते. कुत्र्यात ती थेट खोलवर जाते. माणसाच्या कातडीच्या वरच्या थराखालचा पडदा भेदायला लागणारी विकरं (एन्झाइम) तिच्याकडे पुरेशी नसतात, त्यामुळे ती वरच्या थरातच अडकते आणि आडवी चालत राहते.

आधी एक खाजरी लाल पुळी येते. काही दिवसांत तिच्यापासून एक रेघ निघते: दोन-तीन मिलिमीटर रुंद, किंचित उंचावलेली, लालसर, आणि वळणं घेत जाणारी. पेनाने टोकाशी खूण केली तर दुसऱ्या दिवशी रेघ काही मिलिमीटर ते एक-दोन सेंटिमीटर पुढे गेलेली दिसते. खाज रात्री झोप उडवण्याइतकी असते. तळपाय, बोटांच्या बेचक्या, मांड्या, नितंब, म्हणजे जिथे कातडी वाळूला टेकली तिथे.

निदान पाहूनच होतं. बायोप्सी करू नये, कारण अळी रेघेच्या टोकाच्याही पुढे एक-दोन सेंटिमीटर, निरोगी दिसणाऱ्या कातडीत असते. तुकडा काढला तरी त्यात ती सापडत नाही. द्रव नायट्रोजनने गोठवण्याची जुनी पद्धतही याच कारणाने फसते, वर फोड येऊन जखम होते ती वेगळीच. सुईने टोचून अळी काढायचा प्रयत्न तर करूच नका. बुरशीचं मलम लावून आठवडे घालवणारेही खूप असतात. गजकर्णाची कड गोल पसरते, ही रेघ एकाच दिशेने पुढे जाते.

आयव्हरमेक्टिनची एकच मात्रा, किलोमागे २०० मायक्रोग्रॅम, बहुतेकांना बरी करते. ६० किलोच्या माणसाला १२ मिलिग्रॅम. पंधरा किलोपेक्षा कमी वजनाच्या मुलांना आणि गरोदर बायकांना ते सहसा देत नाहीत. पर्याय म्हणून अल्बेंडाझोल ४०० मिलिग्रॅम रोज, तीन ते सात दिवस. लहान मुलांत १० टक्के अल्बेंडाझोलचं मलम दिवसातून तीनदा, साधारण दहा दिवस लावतात. ते नुसतं रेघेवर नाही तर टोकाच्या पुढच्या कातडीवरही लावायला हवं. औषधानंतर दोन-तीन दिवसांत रेघेची वाढ थांबते, खाज आठवडाभर रेंगाळू शकते. रेघ पुन्हा पुढे सरकली तर दुसरी मात्रा. काही न करताही अळी काही आठवड्यांत किंवा महिन्यांत मरते, पण खाजवून खाजवून जखमेत पू होतो, म्हणून उगाच सहन करण्यात अर्थ नाही. जनावरांचं आयव्हरमेक्टिन माणसांनी घेऊ नये, त्याची तीव्रता वेगळी असते. आणि माणसाची गोळी कुत्र्याला देऊ नये. कोलीसारख्या काही जातींमध्ये जनुकीय दोषामुळे ती मेंदूत शिरते आणि जीव घेऊ शकते.

एक धोक्याची गल्लत मात्र टाळायलाच हवी. रेघ दिवसाला नव्हे, तासाला पाच-दहा सेंटिमीटर धावत असेल, गुदद्वाराच्या आसपास, मांड्यांवर किंवा कमरेवर उमटून काही तासांत विरत असेल, तर तो स्ट्राँगिलॉइडिस नावाचा वेगळाच जंत. तो माणसात पूर्ण वाढतो आणि वर्षानुवर्षं स्वतःची संख्या वाढवत राहतो. अशा रुग्णाला खाजेसाठी स्टिरॉइडच्या गोळ्या दिल्या तर अळ्या अंगभर पसरून प्राणावर बेतू शकतं. स्टिरॉइड देण्याआधी हे तपासलंच पाहिजे.

वाळूत जाताना चप्पल घाला. भरतीचं पाणी जिथे रोज येऊन जातं ती वाळू झाडांखालच्या सावलीतल्या वाळूपेक्षा बरी. ओले कपडे जमिनीवर वाळत घालू नका.

ताटातून येणाऱ्या अळ्या

यातल्या काही अळ्या कच्च्या खाण्यातून येतात. टॉक्सोकाराच्या अळ्या कोंबडी आणि इतर जनावरांच्या यकृतातही निपचित पडलेल्या असतात, त्यामुळे अर्धकच्चं यकृत खाऊन मोठ्या माणसांना हा आजार झाल्याच्या नोंदी आहेत. नॅथोस्टोमा हा जंत गोड्या पाण्यातल्या कच्च्या माशांतून आणि बेडकांतून येतो. १८३६ मध्ये रिचर्ड ओवेन यांनी लंडनच्या प्राणिसंग्रहालयातल्या मेलेल्या वाघाच्या जठरात तो पहिल्यांदा पाहिला. माणसात त्याने हलती सूज येते: आज दंडावर, काही दिवसांनी विरते, मग दुसरीकडे उगवते. त्याला अल्बेंडाझोल ४०० मिलिग्रॅम दोनदा, तब्बल २१ दिवस लागतं. उंदरांच्या फुप्फुसातला जंत अँजिओस्ट्राँगिलस गोगलगायींतून येतो आणि मेंदूच्या आवरणाला सूज आणतो. तीव्र डोकेदुखी, मान ताठ, आणि पाठीच्या मणक्यातून काढलेल्या पाण्यात इओसिनोफिल. कच्ची पालेभाजी धुताना एकेक पान सुटं करून पाहायचं ते यासाठी. लहान गोगलगाय पानाच्या घडीत सहज लपते.

लिंबू, व्हिनेगर, मीठ किंवा तिखट यांनी या अळ्या भरवशाने मरत नाहीत. मासा आतपर्यंत ६३ अंशांना शिजला पाहिजे, किंवा उणे २० अंशांना सात दिवस गोठला पाहिजे. घरच्या फ्रीजचा बर्फाचा कप्पा बरेचदा उणे २० पर्यंत जात नाही; थर्मामीटर ठेवून पाहा.

जिथे ताजी घाणही धोक्याची असते

वर ताज्या घाणीबद्दल जे लिहिलं त्याला एक मोठा अपवाद आहे, आणि तो लक्षात ठेवला नाही तर बाकीची खबरदारी तोकडी पडते. एकायनोकॉकस हा कुत्र्यातला पट्टकृमी जेमतेम दोन ते सात मिलिमीटरचा, पण त्याचं अंडं विष्ठेतून बाहेर पडतं त्याच क्षणी संसर्ग करायला तयार असतं. ते कुत्र्याच्या केसांवर चिकटतं आणि कुरवाळण्यातून हाताला लागतं. माणसाच्या यकृतात किंवा फुप्फुसात त्याच्या अळीची पाण्याने भरलेली गाठ होते, हायडॅटिड सिस्ट. ती वर्षानुवर्षं गुपचूप वाढते आणि बरेचदा दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या सोनोग्राफीत सापडते. अशी गाठ तयारीशिवाय सुई घालून तपासू नये. आतलं पाणी पोटात सांडलं तर प्राणघातक ॲलर्जी होऊ शकते आणि सांडलेल्या भागातून नव्या गाठी धरतात.

कुत्र्याला हा जंत होतो तो मेंढ्या आणि इतर जनावरांचे गाठी असलेले कच्चे अवयव खाल्ल्याने. कापलेल्या जनावराचं यकृत आणि फुप्फुस कुत्र्याच्या तोंडी लागू न देणं हा पहिला उपाय. दुसरा प्राझिक्वांटेल हे औषध, किलोमागे ५ मिलिग्रॅम. पायरँटेल या जंताला काहीच करत नाही, त्यामुळे नियमाने जंताचं औषध मिळणाऱ्या कुत्र्यातही तो राहू शकतो. गिळल्यापासून अंडी घालेपर्यंत त्याला सहा-सात आठवडे लागतात, म्हणून कच्चे अवयव मिळण्याची शक्यता असलेल्या कुत्र्याला दर सहा आठवड्यांनी मात्रा द्यायची. औषध मेलेल्या जंताच्या पोटातली अंडी मारत नाही. पुढचे दोन दिवस कुत्र्याला एका जागी बांधून ठेवा, हातमोजे घालून त्याची सगळी विष्ठा गोळा करा आणि जाळा किंवा खोल पुरा.